गाडीखालचे धन आणि त्याची राखण



या अंकातील अभ्यासपाठ उसाच्या बेण्याचा किंवा खताच्या मात्रेचा नाही. तो आपल्या दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीविषयी आहे. एक काळ असा होता की वाड्यात बैलजोडी असली म्हणजे घर भरलेले वाटायचे. आज अनेकांच्या अंगणात एखादी जुनी ईको, ओम्नी किंवा दुसऱ्या हाताने घेतलेली छोटी गाडी असते. ती दूध डेअरीला नेते, मजूर शेतावर सोडते, आजाऱ्याला तालुक्याला पोचवते आणि सुट्टीत घाटाखाली देवदर्शनाला अगर पाहुण्यांकडेही जाते. अशा गाडीच्या पोटाखाली एक डबा असतो. चोराला त्या डब्याची किंमत कळते, मालकाला बहुधा कळत नाही, आणि चोराचे फावते ते एवढ्यामुळेच.

सन २०२१ च्या सुमारास पुणे, मुंबई परिसर आणि शेजारच्या गुजरातेत अहमदाबाद येथे ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाण्याचे गुन्हे एकामागून एक नोंदले गेले. गाडी जागेवर, टेप जागेवर, बॅटरीसुद्धा जागेवर, आणि गेला तो फक्त सायलेन्सर! पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटले की हे भुरट्या भंगारचोरांचे काम असावे. पोलिसांनी टोळ्या पकडल्या तेव्हा कळले की त्यांना सायलेन्सरचे लोखंड नको होते. त्यांना हवी होती आतली ‘माती’.

ही माती म्हणजे काय, ती चोरीला का जाते आणि आपली गाडी कशी राखावी, हे क्रमाने पाहू.

१. डब्यात असते काय?

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा ते पुरते जळत नाही. त्यामुळे धुरातून तीन घातक वस्तू बाहेर पडतात. पहिली कार्बन मोनॉक्साइड, हा बिनवासाचा विषारी वायू. दुसरी अर्धवट जळलेल्या पेट्रोलची वाफ. तिसरी नायट्रोजनची ऑक्साइडे, यांच्यामुळे डोळे चुरचुरतात आणि छाती भरून येते. हा धूर हवेत जाण्यापूर्वी निर्धोक करण्यासाठी इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान जो डबा बसवतात, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. बोलताना आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. गॅरेजचे मिस्त्री ‘कॅट’ म्हणतात.

डबा बाहेरून साध्या पोलादी नळकांड्यासारखा दिसतो. आत चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्या बारीक भोकांतून धूर जातो. या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप दिलेला असतो. हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा दोन घरे एकत्र आणतो आणि स्वतः होता तसाच राहतो, तसेच हे धातू धुरातल्या वायूंची रासायनिक जुळणी घडवून आणतात आणि स्वतः खर्ची पडत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, पेट्रोलच्या वाफेचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो.

‘स्वतः खर्ची पडत नाहीत’ हे शब्द ध्यानात ठेवा. गाडी पंधरा वर्षे पळाली, पत्रा गंजला, इंजिन धूर ओकू लागले, तरी डब्यातला बहुतेक धातू जागेवरच असतो. म्हणून ‘माझी गाडी जुनी, तिचे कोण काय नेणार?’ हा समज खोटा आहे.

हा डबा आपल्याकडे आला कधी? १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिशामुळे ही जाळी निकामी होते, म्हणून त्याच वेळी या शहरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. नियम जसजसे कडक झाले तसतसे या डब्याचे महत्त्व वाढले.

२. चोराचा हिशोब

साखर कारखान्याच्या सभासदाला उतारा म्हणजे काय हे सांगायला नको. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघाली की आपण उतारा बरा म्हणतो. खाणीतल्या प्लॅटिनमचा उतारा मात्र फारच कमी. दक्षिण आफ्रिका हा या धातूंचा मोठा पुरवठादार आहे. तिथे टनभर दगड फोडावा तेव्हा साधारण तीन ते सहा ग्रॅम धातू हाती लागतो. आता आपल्या गाडीचा डबा घ्या. आतली जाळी किलो-अर्धा किलोची, आणि तिच्यात गाडीप्रमाणे एक-दोन ग्रॅमपासून पाच-सहा ग्रॅमपर्यंत धातू. म्हणजे जे मिळवायला खाणीत टनाने दगड उपसावा लागतो, ते इथे ओंजळभर मातीत सापडते. चोराला खाणीत उतरावे लागत नाही. गाडीखाली सरकले की झाले.

आणि भाव? २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता. हा औंस ३१.१ ग्रॅमचा. त्या वेळच्या रुपयाच्या दराने दहा ग्रॅमला सुमारे पावणेसात लाख रुपये झाले. त्याच सुमारास दहा ग्रॅम सोने ४५ ते ४८ हजारांच्या आसपास होते. पुढे भाव उतरला आणि २०२३ मध्ये ५,००० डॉलरच्याही खाली आला. पण भाव उतरला म्हणून चोरीचा धोका टळला असे समजू नये. या धातूंचा बाजार पुन्हा केव्हा उसळेल याचा नेम नसतो, आणि एकदा शिकलेली चोरी चोर विसरत नाही.

ही लागण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत या चोरीचे विम्याचे दावे २०१८ साली सुमारे १,३०० होते, ते २०२२ मध्ये ६४,००० वर गेले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारने देशभर धाडी घालून २१ जणांवर कारवाई केली, आणि त्यात माल विकत घेणारे व्यापारीही सापडले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाना घेऊन गाडीखाली शिरणारा चोर हे शेवटचे टोक आहे. मुळाशी आहे तो ‘पावती नको, नाव नको, माल आण’ म्हणणारा गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नसेल तर ही माती चोराच्या काय कामाची?

३. कोणत्या गाडीला धोका जास्त?

आपली गाडी खालीलपैकी कोणत्या प्रकारात मोडते ते सभासदांनी पाहावे.

(अ) १९९५ पूर्वीच्या अँबेसिडर, पद्मिनी यांसारख्या गाड्यांना हा डबाच नाही. त्यांची चिंता नको.

(आ) त्यानंतरच्या अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांत डबा गाडीच्या पोटाखाली, नळीच्या मध्यावर, नट-बोल्टने जोडलेला असतो. या गाड्यांना धोका आहे.

(इ) ईको ही गाडी २०१० मध्ये बाजारात आली. ती जमिनीपासून बरी उंच असते, खाली माणूस सहज शिरतो, आणि डबा सायलेन्सरसकट उतरवता येतो. शिवाय भाड्याच्या, शाळेच्या आणि रुग्णवाहिकेच्या कामाला या गाड्या गावोगाव आहेत व रात्री उघड्यावर उभ्या राहतात. म्हणून चोरांची पहिली नजर हिच्यावर गेली. पेट्रोलची असो वा सीएनजीची, डबा दोन्हींत असतो.

(ई) अलीकडच्या पुष्कळ छोट्या मोटारींत डबा इंजिनालाच चिकटून बॉनेटखाली असतो. तो काढायला वेळ लागतो, म्हणून धोका कमी.

(उ) ट्रॅक्टरविषयी सभासद हमखास विचारतील. आपल्याकडच्या पन्नास अश्वशक्तीपर्यंतच्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये अशी मौल्यवान माती नसते. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले आहेत. असा नवा मोठा ट्रॅक्टर घेतला असेल तर त्यात धूर शुद्ध करणारी कोणती यंत्रणा आहे, ते विक्रेत्याकडून समजून घ्यावे.

गाडीत डबा कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की मिस्त्रीला दाखवायला सांगा आणि मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

४. घाटाखाली गाडी उभी करताना

आपल्या घरी गाडी अंगणात असते, कुत्रे भुंकते, शेजारी जागा होतो. खरा प्रश्न परगावी मुक्कामाचा. घाटमाथ्यावरची आपली माणसे वरंध घाटाने महाडला आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरतात. कोणी रायगडावर जायचे म्हणून पाचाडला किंवा रोपवेच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला गाडी लावतो. कोणी शिवथरघळीला, कोणी तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीसाठी उमरठला जातो. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर आणि ६ जूनला रायगडावर राज्याभिषेकदिनी हजारोंची गर्दी होते. पुष्कळ गाड्या आदल्या रात्रीपासून शेतात आणि रस्त्याकडेला उभ्या असतात, आणि माणसे सगळी गडावर. कोणाची मुले महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला आहेत. त्यांच्या गाड्या रात्रपाळीभर गेटबाहेर असतात. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की ठरवलेले नसताना गाडी खाली ठेवून यावे लागते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला, हे सर्वांना आठवत असेल.

अशा वेळी खालील पथ्ये पाळावीत.

१) गर्दीत कोणी गाडीखाली वाकलेला दिसला तर बघणाऱ्याला वाटते की मालकच काही दुरुस्त करतोय. चोराला हीच ओळख हवी असते. म्हणून चार-पाच गाड्या बरोबर असतील तर एकमेकींना खेटून लावा आणि आळीपाळीने एक माणूस खाली ठेवा.

२) गाडीची एक कूस भिंतीला किंवा दगडी बांधाला शक्य तेवढी जवळ घ्या. दुसऱ्या बाजूला सोबतची गाडी लावा. खाली शिरायला जागाच उरू देऊ नका.

३) खड्ड्यावर, चरावर किंवा उंचवट्यावर चाक चढवून गाडी उभी करू नका. त्याने चोराला जॅकचीही गरज राहत नाही.

४) अंधाऱ्या मोकळ्या जागेपेक्षा दिव्याखाली, हॉटेलच्या किंवा लॉजच्या कॅमेऱ्यासमोर जागा मिळाली तर चार पैसे जास्त मोजा. ते फुकट जात नाहीत.

५) सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी एकदा वाकून पाहा. याला अर्धे मिनिट लागते.

आणखी एक गोष्ट चोरीची नाही, पण याच डब्याची आहे आणि ऊसवाल्यांनी ती विसरता कामा नये. चालत्या गाडीत हा डबा चारशे ते आठशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. तोडणी चालू असताना गाडी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी केली, तर डब्याच्या धगीने पाचट पेट घेऊ शकते. गाडी नेहमी मोकळ्या मातीवर उभी करावी.

५. कायमचे उपाय

चोराजवळ सर्वांत कमी असतो तो वेळ. बोल्ट मोकळे असले तर काही मिनिटांत तो काम उरकतो. म्हणून प्रत्येक उपायाची परीक्षा एकच: यामुळे चोराचा वेळ वाढतो का, आणि आवाज होतो का?

*पत्र्याचे कवच.* डब्याखाली जाड पत्रा किंवा गजांची जाळी बसवून घेता येते. चांगला मिस्त्री हे काम करतो. तीन पथ्ये सांभाळावीत. कवचात वारा खेळायला भोके हवीत, कारण डबा तापतो. ते इतके खाली लोंबू नये की गतिरोधकाला घासेल. आणि घाटाखालच्या पावसात साधा पत्रा लवकर गंजतो, म्हणून जमल्यास स्टेनलेस स्टील घ्यावे. कवचात अडकलेले गवत व कचरा वेळोवेळी काढावा.

*तारदोर.* पोलादी तारेचा दोर डब्याच्या नळीभोवती गुंफून चासीला आवळतात. नळी गरम झाली की लांबते आणि इंजिनाबरोबर हलते, म्हणून दोरात थोडी ढील ठेवावी.

*डोके तुटणारे बोल्ट.* हे बोल्ट आवळताना डोके तुटून पडते आणि मग साध्या पान्याने निघत नाहीत. दुरुस्तीच्या वेळी ते कापावे लागतात, एवढा तोटा आहे. नट वेल्डिंगने जाम करण्याचाही प्रघात आहे. पण वेल्डिंग करायचेच तर आधी बॅटरीची वायर सोडवावी, नाहीतर इंजिनाचा कॉम्प्युटर जळण्याची भीती. पेट्रोलची टाकी, नळी आणि सीएनजीची टाकी यांच्याजवळ ठिणगी जाता कामा नये. सीएनजी गाडीचे काम तर अधिकृत जागीच करावे.

*धोक्याची घंटा.* गाडी कलली किंवा हादरली की वाजणारा अलार्म मिळतो. जॅक लावताच तो ओरडतो. गावात याचा उपयोग शहरापेक्षा जास्त, कारण गावात आवाज झाला की माणसे अजून बाहेर येतात.

*खूण.* सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हा. डब्याच्या बाहेरच्या पोलादावर कोरणीने गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे ठळक कोरून घ्या. वरून उष्णता सोसणारा रंग मारा. कोरताना भोक पाडू नका. आपण बैलाला डाग देतो, पोत्यावर नाव घालतो, तसेच हे. खुणेमुळे चोरी हमखास थांबेल असे नाही. पण माल सापडला तर तो तुमचा हे सिद्ध होते आणि घेणारा व्यापारी ‘मला काय माहीत’ म्हणू शकत नाही.

६. चोरी झालीच तर

सकाळी गाडी चालू केली आणि धडधड आवाज आला, की घरची मंडळी म्हणतात, “आबा, गाडी ट्रॅक्टरवाणी का वरडतीया?” हीच पहिली खूण. मग असे करावे.

प्रथम इंजिन बंद करा. नळी तुटलेली असते, विषारी धूर गाडीच्या आत येऊ शकतो. त्याच गाडीत लेकरेबाळे घालून घाट चढू नका. तुटल्या जागेचे फोटो काढा, मग गाडी हलवा. ११२ वर कळवा आणि पोलीस ठाण्यात फिर्याद द्या.

इथे एक कायद्याची गोष्ट उपयोगी आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे पाचाडला डबा गेला आणि घरी आल्यावर कळले, तरी आपल्या तालुक्याच्या ठाण्यात नोंद करता येते. पुढे ती महाडकडे वर्ग होते. फिर्यादीची प्रत फुकट मिळण्याचा तुमचा हक्क आहे. आधी काढलेले फोटो आणि कोरलेला नंबर इथे कामी येतात.

त्यानंतर विमा. नुसता त्रयस्थ व्यक्तीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा असेल तर या चोरीचा पैसा मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर कंपनीला विनाविलंब कळवा. खासगी मोटारीच्या विम्यात धातूच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा कापतात. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, दहा वर्षांवर असेल तर ५० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये मालकाने सोसायचे असतात. समजा, बारा वर्षांच्या गाडीचा नवा भाग ४०,००० रुपयांना पडला. निम्मे कापले, राहिले २०,०००. त्यातून हजार गेले, हाती आले १९,०००. दावा केल्याने पुढच्या हप्त्यातली ‘नो क्लेम’ सूटही जाते. हा सगळा हिशोब मांडूनच दावा करायचा की नाही ते ठरवावे.

आणि ज्यांची नोंदणी खासगी आहे, पण गाडी वडापला चालते, त्यांनी विशेष सावध राहावे. अटीबाहेर वापर झाला म्हणून कंपनी दावा नाकारू शकते. ज्या गाडीवर घर चालते तिचा कागद चोख असावा. डबा गेला म्हणजे आठ-पंधरा दिवस धंदा बंद, वर बँकेचा हप्ता चालूच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

७. गॅरेज आणि भंगार

सगळी चोरी रात्रीच होते असे नाही. गाडी दुरुस्तीला टाकली असताना डबा कापून आतली जाळी काढून घेतात आणि रिकामा डबा पुन्हा जोडून देतात. आवाजात फारसा फरक पडत नाही, मालकाला वाटते गाडी आणखी हलकी पळते! अशा वेळी या खुणा पाहाव्यात: डब्यावर नवे वेल्डिंग, धुराला उग्र वास, पीयूसीचा आकडा एकदम वाढणे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि स्कॅनर लावला की पी-०४२० हा कोड दिसू शकतो. हा कोड जाळी नीट काम करत नसल्याची सूचना देतो. डबा जुना होऊन थकला असला तरीही तो येतो. म्हणून एका खुणेवरून मिस्त्रीवर आळ घेऊ नये. चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

‘डबा कशाला घालता शेठ, सरळ नळी जोडून देतो, ॲव्हरेज वाढेल,’ असे कोणी सुचवले तर ऐकू नका. पीयूसी नसलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो धूर आपल्याच गल्लीत, आपल्याच नातवंडांच्या नाकात जातो.

जुना बाजार धुंडाळून स्वस्तात सायलेन्सर घेणाऱ्यांनीही विचार करावा. निम्म्या किमतीचा, बिनपावतीचा तो डबा कोणाच्या गाडीखालचा आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला आणि कलम ३१७ मध्ये चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१३ च्या कायद्याने भंगाराचा व्यवहार रोखीने करायलाच बंदी घातली. नाव-गाव लिहून घ्यावे लागले की चोराचे पाय लटपटतात.

शेवटची गोष्ट मोडीत काढायच्या गाडीची. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पुरात बुडालेली गाडी दुरुस्त होत नाही म्हणून माणूस हताश होतो आणि येईल त्या भावाने लोखंडाच्या वजनावर देऊन टाकतो. गाडी बुडाली तरी डब्यातले धातू बुडत नाहीत. सौदा करताना ‘कॅटसकट किती, कॅटशिवाय किती’ हे विचारा. नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रात गाडी द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा.

८. सर्वांनी मिळून

आपण वजनकाट्यावर लक्ष ठेवायला शिकलो, कारण एकट्याने ओरडून भागत नव्हते. इथेही तेच आहे. एका सभासदाने कोरणी विकत घ्यावी असे नाही. सोसायटीने किंवा तरुण मंडळाने एक घेतली तर गावातल्या साऱ्या गाड्या दोन रविवारी खुणावून होतील. पोलीस पाटलांना यादी द्यावी. गावात येणाऱ्या भंगारवाल्याला सांगून ठेवावे की या गावच्या डब्यांवर नंबर आहेत. ग्रामसुरक्षा दलाच्या गस्तीत उघड्यावरच्या ईको गाड्यांकडे एक नजर टाकावी. कोणी घाटाखाली मुक्कामाला निघाला तर तिथल्या पाहुण्याला आधी फोन करावा. महाड-पोलादपूरच्या माणसाच्या अंगणात आपल्या गाडीला जागा नाही, असे सहसा होत नाही.

बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्यात म्हण आहे. बैल अजून गोठ्यात आहे तोवर झोपा लावून घ्यावा.

स्वाध्याय

१) आपल्या गाडीतील डबा पोटाखाली आहे की इंजिनाजवळ? गाडीखाली पाहून उत्तर लिहा.

२) डबा जुना झाला तरी त्याची किंमत का टिकते?

३) आपल्या गाडीच्या विम्याचा कागद काढा. तो सर्वसमावेशक आहे की त्रयस्थ व्यक्तीचा? घसारा धरून ४०,००० रुपयांच्या भागाचे किती मिळतील, याचा हिशोब करा.

४) चोरी महाड तालुक्यात झाली आणि घरी आल्यावर कळली, तर फिर्याद कुठे देता येते?

५) कृती: येत्या रविवारी आपल्या आणि शेजारच्या एका गाडीच्या डब्यावर नंबर कोरून घ्या.